पांढऱ्यात काय बघायचं

आमचे हे गाड्या रंगवायचे आणि ह्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता. आज हे वाक्य मी सहज लिहून टाकलं, पण पंधरा-सोळा वर्षं ते कुणापुढे माझ्या तोंडून निघालं नव्हतं. माहेरी नाही, शेजारी नाही, सासूबाईंपुढे तर नाहीच नाही. रंग न दिसणाऱ्या रंगाऱ्याकडे कोण गाडी आणणार?

ह्यांचं गॅरेज माजिवड्याच्या नाक्यापासून आत होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. दोन गाड्या आत, तिसरी अर्धी बाहेर. ठोकलेला पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायचं आणि वरून रंगाचा फवारा मारायचा. हात मात्र असा की बघत राहावं. डोळे मिटून दारावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, इथे अजून दबलेलं आहे. मी वाकून वाकून बघायचे, मला काही दिसायचं नाही. रंग मिसळायचं काम मोठ्या दिरांकडे होतं. दोघा भावांत ते न बोलता ठरलेलं होतं. आमचं लग्न झालं त्याच वर्षी मोठे दीर आखातात नोकरीला गेले आणि हे एकटे पडले. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

मी डोंबिवलीची. लग्नाआधी तीन वर्षं स्टेशनजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरवर उभी होते. साडीवर ब्लाउजपीस शोधून द्यायचा, एवढंच काम, पण ते करून बघावं. बायका पिशवीतून साडीचा पदर काढायच्या आणि म्हणायच्या, आमसुली दाखवा, पण चॉकलेटीकडे जाणारा नको, वांगीही नको. शंभर गठ्ठ्यांतून तो एक काढायचा, पुन्हा दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरायचा, कारण ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं. पहिल्या सहा महिन्यांत माझे डोळे दुखायचे. नंतर ते इतके तयार झाले की रस्त्याने जाणाऱ्या बाईचा ब्लाउज अर्ध्या छटेने चुकला असला तरी मला अस्वस्थ व्हायचं. लग्नात मी माहेराहून काय आणलं असं कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, पण असलं कोण विचारतं?

पहिली मंगळागौर उद्यावर आलेली. माझ्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या कळशी उचलताना फुटल्या. सासूबाईंनी ह्यांना बाजारात पिटाळलं. हे आले आणि कागदाच्या पुडीतून निघाल्या चॉकलेटी बांगड्या, चांगल्या डझनभर.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, हिरव्या सांगितलेल्या ना तुला?"

"संपलेल्या," हे म्हणाले.

श्रावणात, मंगळागौरीच्या आदल्या दिवशी, ठाण्याच्या बाजारात हिरव्या बांगड्या संपल्या! सासूबाई कासारावर चिडल्या, कलियुगावर चिडल्या. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. वर्गात पाढा न आलेल्या मुलाचं असतं तसं तोंड झालेलं. दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी विचारलं, "अहो, खरं सांगा, तुम्ही हिरव्या समजून आणल्यात ना?" बराच वेळ हे दोरीवरच्या टॉवेलच्या कडा सरळ करत राहिले. मग म्हणाले, "दादाला माहितेय फक्त." आणि लगेच, "निळा-पिवळा दिसतो बरं का मला." जणू मी लग्न मोडणार होते.

मंगळागौर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचा डबा घेऊन गॅरेजवर जायला लागले. घरून नाक्यापर्यंत पंधरा मिनिटं चालत. त्या काळी रस्त्यावर गाड्या मोजक्या, पण प्रत्येकीला स्वतःचा रंग असायचा. फुगीर बोनेटच्या जुन्या गाड्या शेवाळी, डाळिंबी, सायीच्या रंगाच्या. नव्या छोट्या गाड्या आल्या त्याही लालभडक आणि गडद निळ्या. एका डॉक्टरीणबाईंची मोरपंखी होती, कोर्टातल्या एका वकिलाची अंजिरी. कंपनीने दिलेला रंग आवडला नाही तर माणसं बदलून घ्यायची. मुलीचं लग्न ठरलं की गाडीला रंग, नवी जागा घेतली की गाडीला रंग. ठोकलेल्या एका दरवाज्यासाठी तोच रंग बनवायचा म्हणजे माझं जुनंच काम. साडी तेवढी पत्र्याची.

अडचण गिऱ्हाइकाची होती. बरेच मालक गाडीपाशी उभे राहायचे, तासन् तास. त्यांच्यासमोर मी "तांबडा वाढवा" कसं म्हणणार? मग आम्ही भाषा केली. पांढरा म्हणजे मीठ, पिवळा म्हणजे हळद, लाल म्हणजे तिखट, काळा म्हणजे मसाला आणि हिरवा म्हणजे कोथिंबीर. डब्यांवर रंगांची नावं छापलेली असायचीच. हे रंग ढवळायचे, पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारून तो उन्हात ठेवायचे, कारण ओला रंग फसवतो, वाळला की गडद होतो. तोवर मी डबा उघडून बसायचे. तुकडा वाळला की हे माझ्याकडे पाठ करून विचारायचे, "भाजी कशी झालीय आज?"

"जरा तिखट कमी पडलंय बघा. आणि मीठ किंचित जास्त."

हे हातातलं काम पुढे चालू ठेवल्यासारखं करून लाल ओतायचे. दोन-तीनदा असं झालं की रंग लागायचा. मालक खूश. "पेंटर, काय नजर आहे तुमची!" हे मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

याचा एक परिणाम असा झाला की माजिवड्यापासून नौपाड्यापर्यंत माझं नाव झालं. पेंटरची बायको स्वयंपाकात अगदी कच्ची, रोज मीठ-तिखट चुकतं, बिचारा काही न बोलता खातो. हे फिरून फिरून सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला समोर बसवून आठ दिवस आमटी करायला लावली. मी केली. काय सांगणार होते?

पण खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडायचे. घरी मी कुणाची सून, कुणाची आई. दुपारी बारा ते दोन मी त्या शेडमध्ये अशी कुणीतरी होते की जिच्यावाचून काम अडत होतं. मालकांना ते माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं आणि ह्यांना माहीत होतं. तेवढं मला पुरत होतं. माझ्या आयुष्यात दुसरं असं काही मी कमावलेलं नाही.

खाडीकडच्या कोळीवाड्यातले एक गृहस्थ मासळीचा टेम्पो घेऊन यायचे. पहिल्यांदा आले ते होडीच्या फळीचा तुकडा काखेत मारून. "वयनी, मना ह्योच रंग पायजे. होरीचा हाय तोच. दुसरा नको." तो हिरवा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. खाऱ्या पाण्याने खाल्लेला, आत थोडा निळा, थोडा राखेचा. तीन दुपारी मीठ, मसाला आणि कोथिंबीर करत होते मी. लागला तेव्हा त्या माणसाने फळी टेम्पोला टेकवली, चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, "आता कुठं ती माजी वाटते." दर दोन-तीन वर्षांनी यायचा, तोच रंग पुन्हा मारून न्यायचा.

आणि मग रंग जायला लागले. कधी, ते नक्की सांगता येत नाही. एका दिवसात काही झालं नाही. नव्या गाड्या भराभर यायला लागल्या, नाक्यावर गर्दी वाढली, घोडबंदर रोडला इमारती उठायला लागल्या आणि आमच्या शेडसमोरून जाणाऱ्या गाड्या पांढऱ्या होत गेल्या. पांढऱ्या, मग रुपेरी, मग राखाडी. मोरपंखीवाल्या डॉक्टरीणबाईंनी गाडी आणली आणि म्हणाल्या, "पांढरी करून टाका, विकायला काढतेय. रंगीत गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही." मला वाटलं, ठीक आहे, विकतायत. पण पुढे तर नवी गाडी घेणारेही तेच बोलायला लागले. विकताना पांढरी बरी पडते. अरे, आज पेढे वाटून घरी आणलीत ना? मग विकायच्या दिवसाचा विचार आजच कसला करता? लोकांनी आपली आवड विचारायची सोडून दिली. पुढच्या, अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकाला काय आवडेल ते बघायला लागले. मी चिडायचे, ह्यांच्याकडे बडबडायचे. हे म्हणायचे, "अगं, आपल्याला काय, काम मिळाल्याशी मतलब."

कोळीवाड्यातले ते गृहस्थ शेवटचे आले तेव्हा फळी नव्हती आणली. टेम्पोच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. "पांढराच मार रे आता. कंपनीत लावलाय. त्यानला पांढराच लागतो."

मी म्हटलं, "आणि खाडीतली मासळी?"

"खारीत रायलंय काय वयनी आता?" ते म्हणाले आणि विडी शिलगावायला बाहेर गेले.

ह्यांनी तो हिरवा घासून काढला. शेडमध्ये हिरवी भुकटी उडत होती, ह्यांच्या भुवयांवर, माझ्या डब्याच्या झाकणावर. मला रडू आलं. टेम्पोसाठी कोण रडतं म्हणून मी थिनरचा वास लागला असं सांगितलं.

त्यानंतर घोडबंदर रोडला रंगाचं एक नवीन दुकान उघडलं. गाडीवर कुठेतरी एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो. तो नंबर चिठ्ठीवर लिहून न्यायचा, दुकानातलं मशीन मोजून रंग मिसळतं आणि डबा हातात. ढवळायचं नाही, वाळवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. पहिला डबा आणला त्या दिवशी हे लहान पोरासारखे नाचत होते. "अगं, एकदम करेक्ट! नंबर टाकला की झालं." ह्यांचा आनंद खोटा नव्हता. पंधरा वर्षं हा माणूस रोज दुपारी पाठ फिरवून प्रश्न विचारत आलेला. ती लाज एकदाची उतरली होती. बायको म्हणून मला बरंच वाटायला हवं होतं.

एका सकाळी हे म्हणाले, "डबा मी जातानाच नेत जाईन. तू कशाला उन्हातान्हात येतेस?"

"रंग कोण बघणार?"

"पांढऱ्यात काय बघायचं?" हे म्हणाले. काळजीनेच म्हणाले. त्या दिवशी बारा वाजता मी चपला घातल्या, कडी लावायला हात वर केला, मग आठवलं. चपला काढल्या आणि गहू निवडत बसले.

पुढे महिना-दीड महिना मी तिकडे फिरकले नाही. मग एकदा हे डबा ओट्यावरच विसरून गेले. मी गेले तेव्हा शेडबाहेर उन्हात एक रुपेरी गाडी उभी होती, मागचा दरवाजा नवा रंगवलेला. मालक तरुण, घोडबंदरच्या नव्या इमारतीतला, कॉम्प्युटरच्या कंपनीतला. मी लांबूनच पाहिलं. दरवाजा निळ्याकडे गेलेला होता. बाकीची गाडी रोजच्या वापरातल्या जर्मनच्या पातेल्यासारखी किंचित पिवळट, आणि दरवाजा नव्या स्टीलच्या ताटासारखा. नंबर बरोबर असेल, पण ती गाडी तीन वर्षं उन्हात उभी राहिलेली होती. ते उन्ह मशीनला कुठून माहीत असणार? हळदीचा एक थेंब, फार तर दोन, बस.

हे मला बघून हसले. सरळ माझ्याकडे तोंड करून, मालकासमोर, मोठ्याने म्हणाले, "बघ गं, आलाय ना रंग?"

ह्यांचा असा चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता. जराही भीती नव्हती त्यावर.

"आलाय," मी म्हणाले.

त्या चेहऱ्यासाठी म्हणाले, हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला आजही लाज वाटते. मला वाटत होतं, तो मालक गाडी घरी नेईल, सकाळच्या उन्हात त्याला ते दिसेल आणि तो भांडायला येईल. मग हे मला बोलावतील. मी आठ दिवस दुपारी बाराला स्वयंपाकघर आवरून, साडी नीट करून बसत होते.

तो आला नवव्या-दहाव्या दिवशी. हे नेलेला डबा तसाच घेऊन दुपारी घरी जेवायला आले आणि पाटावर बसायच्या आधीच सांगायला लागले. तो मुलगा मित्राला घेऊन आलेला, त्याचीही गाडी रुपेरीच. मित्राला गाडीभोवती फिरवलं आणि म्हणाला, ओळख, कुठला दरवाजा रंगवलाय. मित्राला ओळखता आलं नाही. त्या पोराने ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही."

हे इतके खूश होते की जेवताना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी दोन्ही वेळा "बरं झालं" म्हणाले.