ताटाशेजारची टाकी

माझा नवरा जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवतो. पडद्यावर त्याच्या रसायन कारखान्यातल्या एका टाकीचं तापमान दिसतं. पूर्वी पाळी संपली की पुढच्या माणसाला टाकीपाशी नेऊन, सगळं दाखवूनच तो गेटबाहेर पडायचा. पण बाहेर पडला की माझा असायचा. आता कारखानाच त्याच्या खिशात बसून घरी येतो.

काल भरल्या वांग्याचा पहिला घास घेतला आणि आकडा चढू लागला. त्याने लगेच पाळीवरच्या माणसाला फोन लावला. “प्रकाश, नुसत्या पडद्यावर विसंबू नकोस. स्वतः जाऊन बघ. थंड पाणी वाढव, आणि आकडा उतरेपर्यंत तिथून हलू नकोस.”

गेल्या आठवड्यात मला कणकण होती, तेव्हा “गोळी घे” म्हणाला होता. बस, एवढंच.

“वांगी कशी झालीत?” मी विचारलं.

“उतरतंय,” तो म्हणाला.

खिडकीबाहेर कारखान्याच्या भिंतीला खेटून उभी राहिलेली नवी वस्ती दिसत होती. आम्ही आलो तेव्हा तिथे नुसता माळ होता. आता घराघरांत माणसं निवांत जेवत होती. टाकीवर कितीही यंत्रं बसवली तरी ती फुटू नये म्हणून कुणाला तरी जीव टांगणीला लावून बसावंच लागतं, हे मला कळतं. पण तो जीव माझ्याच घरातला का? त्या निवांत जेवणाऱ्या बायकांचा मला भयंकर हेवा वाटला.

शेवटी आकडा खाली आला. त्याने हसून वर पाहिलं.

वांगी पार गार झाली होती. त्यांचं तापमान कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.