ज्या हातांनी हे अन्न केलं

आमच्या घरी गरम जेवण कोणी जेवलं असेल असं मला वाटत नाही. ताटं वाढून झाली की वडील डोळे मिटायचे, आणि त्यांच्या प्रार्थनेत पोफळीला राहणाऱ्या आत्याचा दुखरा गुडघा, चर्चचं गळकं छप्पर, गुहागरला बदली झालेला माझा भाऊ, असे सगळे हजेरी लावून जाईपर्यंत आमटी थंडगार व्हायची. शेवट ठरलेला असे. "ज्या हातांनी हे अन्न केलं, त्या हातांना आशीर्वाद दे." मग ते हात कोणाचे, हेही ते देवाला सांगायचे. बहुधा आईचे असत.

नगरहून मला बघायला मंडळी येणार होती, तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आधीची दोन स्थळं मला स्वयंपाक येत नाही म्हणून फिरली होती, आणि खोटं कशाला बोलू, येत नव्हताच. पण या मुलाशी फोनवर चार-पाचदा बोलणं झालं होतं आणि तो मला मनापासून आवडला होता. हे स्थळ गेलं असतं तर मी रडले असते.

शेजारच्या काकूंना हे माहीत होतं. त्यांचे यजमान जहाजावर, आणि त्यांच्या हातचं सुरमईचं कालवण आमच्या आळीत प्रसिद्ध. "तू कशाला घाबरतेस गो? मी देत्ये करून," त्या म्हणाल्या. माझं जमावं म्हणून त्यांनी गणपतीला नवसही बोलला होता, तो वडिलांच्या कानावर घालायचं आम्ही टाळलं.

कालवणाचं पातेलं मागच्या दाराने आलं. आईने वडिलांना बजावलं, "हे पोरीने केलंय असं मी सांगणार. तुम्ही पाहुण्यांना एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार," वडील म्हणाले. त्यांनी दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

पाहुणे ताटावर बसले. आईने कालवण माझ्या नावावर करून टाकलं. मुलाची आई म्हणाली, आमचा मुलगा एक रविवार चर्च चुकवत नाही. मग वडिलांनी डोळे मिटले. गुडघा झाला, छप्पर झालं. "आणि प्रभू, शेजारच्या काकूंच्या हातांना आशीर्वाद दे, त्यांनी एवढ्या मायेने हे कालवण केलं. माझ्या मुलीलाही कधीतरी जमू दे. आमेन."

पाहुण्यांना ते एक शब्दही बोलले नव्हते. मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले. मुलाची आई सुरमईचे काटे फार सावकाश काढत होती.

निघताना पाहुण्याने निरोपाची प्रार्थना करायची, ही आमच्याकडची रीत. वडिलांनी मुलाला सांगितलं. त्याने हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू, मी दर रविवारी चर्चला जातो असं आई म्हणाली. महिन्यातून दोनदा जातो, हे तुला माहीत आहे. कालवण फार छान होतं, त्या काकूंना सुखी ठेव. स्वयंपाक मला येतो. या घरातून मला होकार मिळू दे."

त्याची आई डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती. मला दिसलं, कारण माझेही उघडेच होते. वडिलांचं आमेन मागच्या दारापर्यंत गेलं, तिथे काकू उभ्या होत्या.

लग्नाला आता नऊ वर्षं झाली. स्वयंपाक नवरा करतो, प्रार्थना मी करते. गेल्या महिन्यात वडील आमच्याकडे आले, तेव्हा नवरा गावाला गेला होता. मी हॉटेलातून रस्सा मागवला, घरच्या पातेल्यात ओतला, वर कोथिंबीर भुरभुरली आणि त्यांना म्हटलं, "मी केलाय." ते इतके खूश झाले की मलाही ते खरं वाटू लागलं.

"तूच कर प्रार्थना," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. आत्याचा गुडघा घेतला, छप्पर घेतलं, ते अजून गळतंच. मग हातांपाशी आले आणि थांबले. रस्सा थंड होत होता.

"आणि प्रभू," मी म्हटलं, "नाक्यावरच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला आशीर्वाद दे."

वडील आमेन म्हणाले, आणि पातेलं ओढून त्यांनी रस्सा आधी माझ्या ताटात वाढला.