भास्करची खंडेनवमी

माझा धाकटा भाऊ भास्कर घरच्या फ्रिजचं दारसुद्धा कुणाला उघडं ठेवू देत नसे. मी कोथिंबीर शोधत असले की मागून आवाज यायचा, "अक्का, दार." तो इकडे हिंदी मुलखात विद्यापीठात प्रोफेसर होता. रोग्यांच्या रक्तातलं प्रोटीन बोटभर नळ्यांत भरून कडक थंडीत ठेवायचं आणि पुढे सवडीने तपासायचं, हे त्याचं काम. मला चौथीनंतर घरी बसवलं आणि याला शिकवलं. शिकून काय झाला ते सांगते.

"एकदा वितळलं की संपलं, अक्का. पुन्हा गोठवून उपयोग नाही." हे तो पाहुण्यांना ऐकवायचा, रामघाटावरच्या नावाड्यालाही ऐकवायचा.

मीनाक्षी नावाची इथलीच एक मुलगी त्याच्या हाताखाली पीएचडी करत होती. तिने गावोगाव हिंडून रोग्यांचं औषध सुरू होण्याआधीचं रक्त जमवलं होतं. आता ती माणसं औषध घेत होती. तसं रक्त त्यांच्याकडून परत मिळणार नव्हतं.

खंडेनवमीला आपल्यात हत्यारं-अवजारं पूजतात. भास्करने ती पूजा प्रयोगशाळेतही सुरू केली होती आणि आरतीला मला नेत असे. दरवर्षी पाटावर रिकाम्या नळ्या मांडायचा. त्या वर्षी मोठे साहेब येणार होते, फोटो निघणार होते. म्हणाला, "रिकाम्या नळ्या पूजायच्या म्हणजे देवाला फसवणं झालं." मग मीनाक्षीच्या भरलेल्या नळ्या बाहेर निघाल्या. ती बिचारी घमेल्यात बर्फ घेऊन धावत आली. "सर, बर्फ में रख दूँ?"

"रंगोली भीग जाएगी," हा म्हणाला.

साहेब उशिरा आले. तोवर ऊन खिडकीतून पाटापर्यंत पोचलं होतं. मग आरती झाली, पेढे वाटले आणि नळ्या पुन्हा आत गेल्या.

पुढे तपासणीत सगळं प्रोटीन तुटलेलं निघालं. भास्करने कमिटीला सांगितलं, मुलगी निष्काळजी आहे. ती घरी आली. "सर, बस इतना लिख दीजिए कि नलियाँ पूजा में बाहर रखी थीं."

पेपरातून डोकं वर न काढता हा म्हणाला, "पूजा को बीच में मत लाओ."

ती गेल्यावर मी म्हटलं, "देवाला फसवायचं नव्हतं तुला. हिला फसवलेलं चालतं?"

"तुला यातलं कळत नाही, अक्का."

"खोटं बोललेलं कळतं."

मीनाक्षीने नवे रोगी शोधले आणि सगळं पहिल्यापासून केलं. काही वर्षं त्यात गेली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर भास्करचे आभार होते. ते पान त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "सही तुझी लागते, म्हणून मानलेत." तो खूश होता, त्याने ऐकलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. किती काटेकोर माणूस, म्हणत लोक आले आणि एकेक जण पायाशी वाकला. मीनाक्षीही आली. दाराशी उभी राहिली, मला हात जोडले आणि न वाकताच निघून गेली.

शेजारीण कुजबुजली, "कैसी शिष्या है."

मी म्हटलं, "अच्छी है."