पाच किलो धागा आणि मोंढ्यातली हळद

चैत्रातला सोमवार. पाच किलो धाग्याचे सहा हजार रुपये ठरले तेव्हा शेडमध्ये तिघे होतो: धागा काढणारे उत्तमराव, बॉबिन सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी गयाबाई आणि सांगलीहून गेलेला मी.

दंतवैद्यांसाठी मऊ ब्रश बनवणं हा माझा धंदा. त्याला शून्य दशांश एक मिलिमीटर जाडीचा नायलॉन धागा लागतो. मोठे कारखाने पाचशे किलोंच्या खाली बोलत नाहीत. हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरजवळ एक जण धरणावरच्या मासेमारीच्या जाळ्यांसाठी धागा काढतो असं कळलं, म्हणून निघालो.

सोमवारीच सकाळी हिंगोलीला एसटीतून उतरलो होतो. मोंढ्यात (धान्यबाजारात) हळदीचे ढीग, हवेतही पिवळा भुरका. चहाच्या टपरीवर मी मायक्रोमीटर (जाडी मोजायचं उपकरण) काढून एक हळकुंड मोजून दाखवलं. चार माणसं जमली. मला बरं वाटलं.

मुक्काम उत्तमरावांकडेच केला. जेवायला भाकरी आणि धरणातला मासा.

मंगळवारी वितळलेलं नायलॉन बारीक भोकांच्या चकतीतून पाण्यात उतरलं आणि केसासारखं होऊन बॉबिनवर चढलं. पाचही किलो झाल्यावर मी मोजलं. शून्य दशांश एक तीन. तीन ठिकाणी तेच.

"जाळ्याचीच चकती लावलीत तुम्ही," मी म्हणालो. "फसवू नका मला."

"काहून फसवू?" उत्तमराव म्हणाले. "मापात न्हाई ना? मग ठेवायचा न्हाई."

नापास धागा चुकून दुसऱ्याच्या मालात जाऊ नये म्हणून ते तो लगेच कापतात. पाचही किलोंवर विळा फिरवला आणि मशीन खोलायला बसले.

मी उपकरण मिटवलं. आकडा शून्यावर येईना, तीन शतांशावर थांबला. जबड्यात हळदीचा थर होता. रुमालानं पुसून कापलेला तुकडा मोजला. शून्य दशांश एक.

मी गप्प बसलो. तासभर. उत्तमराव एकेक भोक भिंगाखाली तपासत होते.

"घ्या भाऊ," नवऱ्याकडे बघत गयाबाईंनी चहा दिला. "सापडंल त्याहिची चूक."

तो चहा मी प्यायलो. मग सांगितलं.

उत्तमराव उठले नाहीत. "मशीन खोलायच्या आधी सांगता आलं असतं."

"ब्रश करता ना तुमी?" गयाबाई म्हणाल्या. "एखादा सोताच्या मापायच्या मशीनलाबी ठेवा."

बुधवारी त्यांनी पुन्हा पाच किलो काढला. माप बरोबर होतं. मी बारा हजार पुढे केले. गयाबाईंनी दोनदा मोजून घेतले. त्या अर्धे परत देतील, 'राहू द्या' म्हणतील, या आशेनं मी दारात बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

परतीच्या गाडीत मांडीवर धागा होता, अगदी हवा तसा. पण घरी बायकोला सगळं सांगताना ती नाडी तेवढी मी वगळली. इथे लिहितो. दिलेले एकूण बारा हजार रुपये, रोख, गयाबाईंच्या हाती. परत काही आलं नाही, यायला नकोच होतं.