आईचा उंबरा

पणदऱ्यात आम्ही बारा वर्षं पत्र्याच्या खोलीत काढली. दाराच्या जागी पोतं असायचं. मी घरातला पहिला पदवीधर. एमआयडीसीत नोकरी लागली आणि सागवानी दाराचं घर बांधलं. आई रोज सकाळी कळशीभर पाण्यानं उंबरा धुऊन हळदकुंकू वाहायची.

गेल्या होळीला चौकटीतून मोठे मुंगळे निघू लागले, खाली भुसा पडू लागला. मी दोनदा औषध फवारलं. मुंगळे पुन्हा हजर. दार जाणार, या भीतीनं आई जेवेना.

निरवांगीचे सुतारतात्या आले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी चौकटीला कान लावला आणि बोटानं टकटक करत खाली सरकले.

"हितं हायेत. खसखस करत्यात."

मी कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"एवढा शिकलास, पर ओल दिसली न्हाय व्हय? मुंगळ्याला ओलं लाकूड लागतं."

आईचा चेहरा उतरला. "मग उंबरा धुयाचा न्हाय का?"

"कोण म्हणतंय, वैनी? धुवा की!"

त्यांनी कुजका उंबरा आणि चौकटीचे पोखरलेले पाय कापून काढले, तिथं काळा दगड बसवला. वर दार केसभरही हललं नाही.

यंदाची होळी झाली. आई रोज उंबरा धुते. मुंगळा एकही नाही.