हिरवा तालुका

माझ्या नणंदेचे यजमान पुण्याला राहतात आणि वर्षातून एकदा अमरावतीला येऊन आमच्या जेवणाची कीव करतात. वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग दिसला की चमच्याने तो ताटाच्या कडेला सारतात आणि सगळ्यांना दाखवतात. वऱ्हाडात लोकांना झटके येतात ते या तर्रीमुळे, असं त्यांचं ठाम मत आहे. पुण्यात माणसं मोजकं खातात, पहाटे टेकडीवर जातात, म्हणून तिथे हृदयं टिकतात. ते स्वतः टेकडीवर जातात आणि उतरल्यावर बटाटेवडे खातात, हे मला नणंदेनेच सांगितलं आहे. पण तो वडा पुण्याचा, त्यामुळे त्याचा हृदयाशी संबंध नसावा.

आमच्या घरी खरोखरच दुखणं आलं तेव्हा या मताला बहर आला.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आमचे हे चहा पीत होते. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळत होता आणि यांना त्याचा पत्ता नव्हता. मी हाक मारली तर तोंडातून शब्दांचा लगदा बाहेर आला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गाडी काढली. दवाखाना दोन चौक सोडून. चहाचा कप घरी ओट्यावर तसाच होता, तोवर यांच्या डोक्याचा सिटी स्कॅन होऊन गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरूही झालं होतं. संध्याकाळी ओठ सरळ झाले. आठवड्याभरात हे घरी आले आणि पहिलं काम म्हणून दवाखान्याच्या खिचडीला नावं ठेवली.

पुण्याहून फोन आला. पाहुणे, म्हणजे नणंदेचे यजमान, म्हणाले, हा रोजच्या प्राणायामाचा प्रताप. हे प्राणायामाच्या सतरंजीवर बसत हे खरं होतं. पण दिवाळीपासून तिथे बसून फक्त पेपर वाचत होते.

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाला तेच झालं. भाऊ हिवरखेडला शेती करतो. मी लग्न होऊन अमरावतीला आले, शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. तो गावीच राहिला आणि त्याचा त्याला जरा गर्वच होता. अंगाने काटक. शेतात पायी जायचा, पायी यायचा. ज्वारीची भाकर, भाजी, वर ताक. खर्रा नाही, तंबाखू नाही. मी माझ्या गोळ्यांची डबी काढली की हसायचा. म्हणायचा, तुमी शयरातली माणसं दवाखान्याच्या दारात राहता, म्हणून तुमाले रोग हुडकत येतात. त्याचं ब्लडप्रेशर जन्मात कोणी मोजलं नव्हतं, आणि हेच तो आपल्या तब्येतीचं प्रमाणपत्र असल्यासारखं सांगायचा.

त्या दिवशी सकाळी तो गोठ्यात बैल सोडायला गेला आणि दाव्याची गाठ त्याला सुटेना. उजवा हात ऐकत नव्हता. तो तिथेच शेणात बसला. वहिनीने तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि लकवा ओळखला. अकोल्याला न्या, असं ती लगेच म्हणाली. पण तोवर अंगणात माणसं जमली होती, आणि अंगणात माणसं जमली की घरच्या बाईचं मत संपतं. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे एक गृहस्थ होते. आयुष्यभर निवडणुका लढवून हरलेले; त्यामुळे सल्ला द्यायला सतत मोकळे. त्यांनी निर्णय दिला की लकव्यावर तेल देणारा एक माणूस अमुक गावी आहे, आधी तिकडे न्यायचं. दवाखान्यात एकदा सुई टोचली की मग ते तेल लागू पडत नाही.

अकोला एका दिशेला, ते तेलाचं गाव दुसऱ्या. भाऊला जीपमध्ये घालून दुसऱ्या दिशेला नेलं. तिथे रांग होती. नंबर आल्यावर नाकात तेलाचे थेंब सोडले, हातापायाला चोळलं, मीठ बंद करायला सांगितलं. भाचा अकोल्यात नोकरीला आहे. त्याला दुपारी कोणीतरी सहज म्हणून फोनवर हे सांगितलं. तो इतका ओरडला म्हणतात, की जीप वळली. मग आधी तालुक्याचा दवाखाना, तिथून अकोला, आणि मधे तो रस्ता. खोदलेला, अर्धा भरलेला, पुन्हा खोदलेला. आजारी माणसाला त्या रस्त्याने नेणं म्हणजे त्याला दुसरा आजार देणं.

मी अमरावतीहून पोचले तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टर तरुण होता. त्याने एकच गोष्ट विचारली, हे सुरू कधी झालं. वहिनी म्हणाली, सकाळी, ढोरं सोडाच्या टायमाले. डॉक्टरने मान खाली घातली. आमच्या यांना जे इंजेक्शन अमरावतीला दिलं होतं, ते पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ कधीच टळली होती, असं त्याने आम्हाला नीट समजावून सांगितलं. रागावला नाही. रोज बघत असावा.

वहिनी बाकावर बसली होती. नाकातल्या तेलाचा वास भाऊच्या सदऱ्याला येत होता आणि तो सदरा तिच्या मांडीवर होता. मी शेजारी बसले तर ती हळूच म्हणाली, “म्या सांगतलं होतं बाई, अकोल्याले न्या म्हणून. माह्यं कोनं आयकलं नाई.”

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे घेऊन माणसं येत, आणि प्रत्येकाकडे पुड्यासोबत एक कारण असे. एकाच्या मते भाऊने मळ्यात झाड तोडलं होतं त्याचा दोष. एकाच्या मते रात्री कूलरसमोर झोपल्याने वारं शिरलं. निवडणुका हरलेले गृहस्थही आले. ते म्हणाले, तेल लागू पडत आलं होतं, मधेच उचलून आणलं म्हणून हात राहिला. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तेवढा सूड एका मास्तरणीला पुरतो.

पुण्याहून अर्थात फोन आला. तर्री, पाहुणे म्हणाले. मी सांगितलं की भाऊ भाजीत तेलाचा थेंब दिसला तरी वहिनीवर चिडतो. मग ते म्हणाले, तुमच्याकडचं ऊन. ऊन तर साऱ्या गावाला लागतं, असं मी म्हटल्यावर ते आनुवंशिकतेवर आले. तिथेही आमची आई नव्वदीपर्यंत ठणठणीत असल्याचं निघालं, तेव्हा म्हणाले की एकूणच वऱ्हाडी स्वभाव तापट, त्याने रक्तदाब वाढतो. फोन ठेवताना माझा वाढलाच होता. वऱ्हाडाबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. फक्त हिवरखेडहून अकोल्याला जायला किती वेळ लागतो हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पावसाळ्याच्या आधी आमच्या अमरावतीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात हृदयविकार आणि पक्षाघात या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते अभ्यासू म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी पडद्यावर अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा नकाशा दाखवला. जिथे रोगी जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. दोन्ही शहरं लालभडक. बार्शीटाकळीकडे रंग फिका होत गेलेला, आणि वर सातपुड्याच्या पायथ्याला हिवरखेडचा, म्हणजे आमचा तेल्हारा तालुका, पोपटासारखा हिरवागार. वक्ते बोटांवर मोजू लागले. शुद्ध हवा, कष्ट, भाकरी, साधं जीवन. आपण शहरात येऊन काय गमावलं ते बघा, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही परत गावी जायची तयारी दाखवली नाही. दवाखान्यापासून लांब घर नको म्हणून तर आम्ही सगळे त्या वस्तीत फ्लॅट घेऊन बसलो आहोत.

मी उठून विचारलं, ही माहिती कुठून आणली. ते म्हणाले, दोन्ही शहरांतल्या दवाखान्यांमधून.

“मग जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही,” मी विचारलं, “तो तुमच्या नकाशात कुठे आहे?”

सभागृहात जरा चुळबूळ झाली. मी सांगितलं की हिवरखेडच्या आमच्या गल्लीतला एक जण बांधावर बसल्या बसल्या गेला. छातीत दुखतं म्हणाला होता, बायकोने ओवा दिला. घरच्यांनी संध्याकाळच्या आत स्मशानात पोचवून टाकलं. त्याला काय झालं होतं हे कोणी विचारलं नाही, कोणी लिहिलं नाही. असे सगळे मिळून तो हिरवा रंग झाला आहे. वक्ते म्हणाले, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी ते कचोरी खात होते. मला म्हणाले, मॅडम, माहितीत त्रुटी असतातच, पण समाजाला सकारात्मक संदेश गेला पाहिजे. आमचे हे मला थांबवायला मागून पदर ओढत होते. मी थांबले, कारण त्या माणसाशी बोलणं म्हणजे त्या नकाशाशीच बोलणं होतं.

पुढच्या खेपेला हिवरखेडला गेले तेव्हा भाऊला हे सगळं सांगितलं. तो आता काठीने अंगणात फिरतो. उजवा हात पोटाशी आखडलेला आहे, आणि बोलायला त्याला एकेक शब्द ओढून आणावा लागतो. एकेकाळी पारावर त्याच्यापुढे कोणी बोलायला धजत नसे. त्याने मला नकाशाचं दोनदा सांगायला लावलं. मग बराच वेळ शब्द जुळवत बसला.

“म्हंजे,” तो म्हणाला, “मी... निरोगी हाओ.”

आणि वाकड्या तोंडाने हसला. मला हसू आलं नाही. वहिनी आत निघून गेली.

अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की भाऊचं ब्लडप्रेशर बहुधा कित्येक वर्षं चढलेलं असणार. आता वहिनी रोज गोळी हातावर ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नाही. तो डोळे वटारतो. ती बघत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तिने धरून धरून आरोग्य उपकेंद्रावर नेलं, दंडाला पट्टा बांधायला लावला. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी गोळ्या आणल्या आणि बरं वाटतं म्हणून महिन्यात सोडून दिल्या. त्यांची बढाई मात्र अजून तीच आहे: आमाले काई होत नाई, हे शयरातले रोग.

श्रावणात तिचा फोन आला. आधी कपाशीवरची बोंडअळी, मग भाच्याच्या सोयरिकीचं बोलणं, आणि त्याच्या मधे कुठेतरी तिने सांगितलं की मागच्या गल्लीतल्या एका बाईचं तोंड वाकडं झालं होतं. पुन्हा अंगण भरलं, पुन्हा तेलाच्या गावाची भाषा सुरू झाली. वहिनी जीपवाल्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, गाडी अकोल्याकडं वळवत असशील तं उतरतो, नाई तं मी बसूनच राहतो, गाडी हालू देत नाई. तो बिचारा वैतागून अकोल्याला निघाला. ती बाई आता पाय ओढत चालते. पण भाकरी दोन्ही हातांनी थापते.

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तिला वाचवलं. ती म्हणाली, “काई वाचोलं नाई. रस्ता तेवढा बरा होता त्या दिवशी.” मग तिने विचारलं की भाऊला भगर चालते का, कारण श्रावणी सोमवारचा उपास करतो म्हणून तो हट्ट धरून बसला होता.