एक बाजू शिल्लक

मयताच्या घरून उठताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. एरवी दाराबाहेर पाऊल टाकताना ‘जातो’ म्हणत नाही, त्याच्या बरोबर उलटं. यायचं, थोडा वेळ बसायचं आणि काही न बोलता उठून चालू लागायचं. आमचे हे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत माणसं अशीच येत होती आणि उठून जात होती. सगळ्यांना रीत ठाऊक होती. चुकले ते एकटे मेस्त्री.

मेस्त्री मिरकरवाड्याचे. मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करतात. त्या दिवशी सतरंजीच्या टोकाला मान खाली घालून बसले होते. उठले, चपला शोधल्या आणि वळून म्हणाले, “येतो हां, वयनी.” खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मेस्त्रींच्याही ते लगेच लक्षात आलं असावं, कारण एक चप्पल पायात आणि एक हातात, असेच ते अंगणाच्या गडग्यापर्यंत गेले.

“मयताच्या घरातनं येतो म्हणून जातात?” माझी नणंद म्हणाली. “त्याला कळत नाय तर बरोबरच्याने तरी सांगावं.” बरोबरचे म्हणजे निवृत्त शाळामास्तर, आमचे गुरुजी. नणंदेने पुढे त्यांना बाजारात गाठून चांगलं सुनावलं, असं मागाहून माझ्या कानावर आलं. मला स्वतःला राग आला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, राग नाही की रडू नाही.

मेस्त्री, गुरुजी आणि आमचे हे, तिघांना जुन्या रेकॉर्डचं वेड होतं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भंगारात कुठे काय निघालं याची तिघांना बित्तंबातमी. रविवारी संध्याकाळी आमच्या पडवीत बसायचे. मी त्या रेकॉर्डना ताटल्या म्हणायचे. “आल्या का नव्या ताटल्या?” असं विचारलं की हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. घरातली दोन कपाटं ताटल्यांनी भरली होती आणि माझ्या साड्या पलंगाखालच्या पेटीत होत्या, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क होता.

त्यांचा एक नेम होता. उठायच्या आधी जी रेकॉर्ड लावायची तिची एकच बाजू ऐकायची. दुसरी ठेवायची पुढल्या रविवारसाठी. मग मेस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, “एक बाजू ऱ्हायली. येतो.” वर्षानुवर्षं हेच. घोडे झाले तरी यांचा पोरखेळ संपत नाही, असं मला वाटायचं. पण मेस्त्रींच्या तोंडून त्या दिवशी ते कसं निघून गेलं, हे त्यामुळेच मला कळलं. बसल्या जागेवरून त्यांना प्लेअर दिसत होता. काचेच्या झाकणाखाली आदल्या रविवारची रेकॉर्ड तशीच होती, एक बाजू झालेली.

हे गेले ते दाभोळच्या वाटेवर. तिथल्या कुणाच्या घरात रेकॉर्डची पेटी निघाल्याचं कळलं होतं. सकाळी मी बांगडे साफ करत होते. मागून “येतो गं” म्हणाले, मी “हं” म्हटलं, मान वर केली नाही. त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. रोज बाहेर जाणाऱ्या माणसाकडे रोज वळून कोण बघतं? खाडी ओलांडायला धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसले होते, बसल्या जागीच गेले. बोट पलीकडून निघाली होती म्हणे.

तेरावं झालं, मुलगा मुंबईला परत गेला. जाताना कपाटं उघडून बघून म्हणाला, “आई, हे सगळं आता फोनवर मिळतं. तुला ऐकायचं तर मी लावून देईन. याचं काहीतरी करायला हवं.” त्याचं चुकलं नव्हतं. मी बरं म्हटलं. हातखंब्याला हमरस्त्यावर कुणीतरी नवीन हॉटेल काढत होता, त्याला जुन्या रेकॉर्ड हव्या होत्या. मुलाने त्याच्याशी बोलणं केलं. पावसाळा संपला की तो येऊन घेऊन जाणार होता.

त्याआधी एका रविवारी पडवीत खाकरल्याचा आवाज आला. बघते तर मेस्त्री आणि गुरुजी. हे दोघेही ताटल्यांवर डोळा ठेवून आले असणार, असं मनात आलं. चहा टाकला. दोघे नेहमीच्या जागांवर बसले आणि यांच्या खुर्चीकडे न बघण्याची फार काळजी घेऊ लागले. रेकॉर्डचा विषय निघेना. शेवटी मीच म्हटलं, “कपाट उघडायचं असेल तर उघडा.”

उघडलं तर कुबट वास. आमच्या हवेत चपलेलासुद्धा बुरशी येते, हे तर बंद कपाट. हे असताना दर पंधरवड्याला सगळं बाहेर काढून पुसायचे. आता तबकड्यांवर पांढरे ठिपके पडले होते. गुरुजींचा चेहरा उतरला. मेस्त्री म्हणाले, साबणाच्या पावडरने धुऊ. मी म्हटलं, “काही नको. रिठे आहेत घरात.” रेशमी साड्या मी रिठ्यातच धुते. कोमट पाण्यात रिठे भिजवले, फेस काढला. मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर बरणीचं झाकण दाबून धरायचं आणि मऊ फडक्याने रेषांच्या अंगाने गोल फिरवायचं, हे गुरुजींनी दाखवलं. धुतलेल्या तबकड्या उभ्या कुठे ठेवायच्या ते कुणालाच सुचेना. मग मेस्त्री स्वयंपाकघरात गेले आणि ताटाळ्यात ताटांच्या शेजारी त्यांनी त्या ओळीने लावून टाकल्या.

“वयनी, तुमी म्हणायच्यात ना, ताटल्या,” ते म्हणाले.

मी हसले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता रडू आलं ते थांबेना. ते दोघे फडकी हातात घेऊन उभे राहिले, समजूत घालायला कुणी पुढे आलं नाही. त्याचं मला बरं वाटलं.

मग दर रविवारी हेच काम. धुतलेल्या रेकॉर्ड नीट वाजतात का ते बघायला गुरुजींनी त्यांच्या घरचा प्लेअर उचलून आणला, कारण आमच्या प्लेअरवर ती रेकॉर्ड होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. वाजवून बघायच्या निमित्ताने मीही ऐकू लागले. त्यातलं मला काही कळत नाही. गुरुजी राग सांगतात, मी विसरते. पण सारंगी वाजत असताना तांदूळ निवडायला बरं वाटतं, एवढं कळलं. त्या रात्री झोप लागते, हेही कळलं. दोघे आपसांत यांच्याविषयी बोलायचे, तेही खेळीमेळीने. एका रेकॉर्डवर चरा होता. तो यांनी लोणच्याची बरणी ठेवल्यामुळे पडला होता आणि त्यांनी आळ माझ्यावर घेतला होता, हे मला त्या दोघांकडून समजलं. मी मनातल्या मनात यांच्याशी भांडले, आणि पुष्कळ दिवसांनी भांडायला मिळालं म्हणून मला आनंद झाला.

एकच गोष्ट मला खुपायची. निघायची वेळ झाली की मेस्त्री एकाएकी अवघडायचे. हेल्मेट उचलायचे, खाकरायचे, गुरुजी नुसतं “बरं” म्हणायचे आणि दोघे काही न बोलता पायऱ्या उतरायचे. नणंदेच्या बोलण्याची दोघांनी चांगलीच धास्ती घेतली होती. घर अजून मयताचंच असल्यासारखे ते दर रविवारी उठून जात. ते परत येतील की नाही, हे मला पुढल्या रविवारपर्यंत कळायचं नाही. शुक्रवारपासून मी वाट बघायला लागायचे, आणि स्वतःलाच रागवायचे.

दिवाळीआधी हातखंब्याचा माणूस टेंपो घेऊन आला. बोलायला चांगला होता. दाराशीच त्याने एक रेकॉर्ड कव्हरातून काढली, उजेडात धरली आणि मधल्या भोकात बोट घालून फिरवून बघितली. “मस्त. खिळा बरोबर बसेल,” तो म्हणाला. “पूर्ण भिंतच करायची आहे, काकी.”

मी त्याच्या हातून रेकॉर्ड घेतली आणि चहा घेणार का विचारलं. चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की देणार नाही. तो काही रागावला नाही, टेंपो रिकामा घेऊन गेला. मुलगा फोनवर म्हणाला, “अगं पण तू करणार काय त्यांचं?” मी म्हटलं, “धुणार.”

पुढल्या रविवारी दोघे आले. मी आमच्या प्लेअरचं झाकण उघडलं, त्यावरची रेकॉर्ड पदराने पुसली आणि उलटी करून ठेवली. गुरुजींनी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्रींनी पिन टेकवली.

दुसऱ्या बाजूला काहीतरी असेल, मला काहीतरी उमजेल, अशी माझी उगाच समजूत होती. तसं काही नव्हतं. एक बाई गात होत्या, चांगल्या गात होत्या. मध्ये एकदा तबलजीची घाई झाली असं गुरुजी म्हणाले. बाजू संपली. पिन आतल्या आत खरखरत राहिली आणि कुणीच उठेना, कारण ती उचलायचं काम यांचं होतं. मी उठले आणि उचलली.

मग मेस्त्रींनी दाभोळची एक रेकॉर्ड पिशवीतून काढली. ती पेटी ते मधल्या काळात जाऊन घेऊन आले होते, मला सांगायचं धाडस झालं नव्हतं. तिची एक बाजू आम्ही ऐकली. अंधार पडला होता. दोघे उठले. मेस्त्रींनी हेल्मेट घेतलं, खाकरले आणि चपलांत पाय घालून पाठ फिरवली.

“मेस्त्री,” मी म्हटलं, “एक बाजू राहिली आहे.”

ते वळले आणि हेल्मेट या हातातून त्या हातात घेऊ लागले. गुरुजी खाली बघत होते. यांनीही तो शब्द म्हटला होता आणि हे आले नव्हते, ते मला ठाऊक होतं. तरी मला तो ऐकायचा होता.

“येतो म्हणून जा,” मी म्हटलं.